कूलंट म्हणजे पाणी नव्हे

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. एकेकाळी व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे घराघरांत माहीत झालेले हे गाव. पुढे बिडकीनची औद्योगिक वसाहत, त्यापुढे जायकवाडी. या रस्त्यावर मालाच्या टेंपोपासून नव्या कोऱ्या मोटारीपर्यंत सगळी वाहने धावतात आणि त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला गॅरेजही आहेत. तिथे एक प्रश्न हमखास कानावर पडतो, ‘‘गाडीत पाणी बघितलं का?’’ पाणी म्हणजे रेडिएटरमधले. कमी असेल तर जवळच्या नळाचे, बोअरचे किंवा पिण्याच्या बाटलीतले पाणी ओतायचे आणि पुढे निघायचे, ही इथली जुनी सवय आहे.

मराठवाड्यात या सवयीचा फटका लगेच बसत नाही. इथे हिवाळ्यात पारा घसरला तरी एक आकडी तापमानाचीच बातमी होते, शून्याखालच्या तापमानाची नाही. त्यामुळे रेडिएटरमधले पाणी गोठेल, हा विचार कोणाच्या मनात येत नाही. पण हीच गाडी नाताळच्या सुट्टीत हिमाचलला किंवा काश्मीरला गेली, तर एका रात्रीत इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. हे टाळण्यासाठी जे रंगीत द्रव गाडीत घालायचे, ते पाण्यासारखे कुठल्याही बाटलीत भरून घरात ठेवले, तर त्याहून मोठा अनर्थ होऊ शकतो. पाण्याला कूलंट समजणे ही एक चूक आणि कूलंटला पाणी समजणे ही दुसरी. पहिलीत इंजिन जाते, दुसरीत जीव जाऊ शकतो.

गाड्या आता बर्फापर्यंत पोहोचतात

पूर्वी मैदानी भागातली मोटार ऐन हिवाळ्यात उंच हिमालयात जाण्याचा प्रश्नच नव्हता. रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की मनालीपलीकडचा लाहौल महिनोन् महिने तुटलेला असे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी 9.02 किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि चित्र बदलले. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून अधिक उंचीवरच्या सिस्सूसारख्या गावांत पर्यटक आता जानेवारीतही स्वतःच्या गाडीने जातात. काश्मीरमध्ये 13 जानेवारी 2025 रोजी सोनमर्गचा बोगदा सुरू झाला आणि तिथलाही हिवाळी प्रवास सोपा झाला. ‘एमएच 20’ किंवा ‘एमएच 12’ पाटीच्या गाड्या आता बर्फाच्या रस्त्यावर दिसतात, त्या यामुळेच.

लाहौलमध्ये जानेवारीच्या रात्री पारा उणे दहाच्या खाली जाणे नवलाचे नाही. द्रासमध्ये तो उणे वीसच्याही खाली जातो. अशा ठिकाणी रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीत नेमके काय भरलेले आहे, यावर सकाळचा सगळा प्रवास अवलंबून असतो.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही, पण गोठणे अगदीच अनोळखीही नाही. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात थंडीच्या दिवसांत दवबिंदू गोठून गाड्यांच्या टपावर पांढरा थर जमतो. निरभ्र रात्री गाडीचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो. त्यामुळे भोवतालची हवा शून्याच्या वर असली तरी पत्रा शून्याखाली जाऊ शकतो. मात्र बॉनेटखालच्या रेडिएटरमधले पाच-सहा लिटर पाणी इतक्या थंडीत गोठत नाही. ते आच्छादलेले असते आणि एवढे पाणी थंड व्हायला वेळ लागतो. म्हणून महाबळेश्वरचा अनुभव घेऊन हिमालयातल्या थंडीचा अंदाज बांधता येत नाही.

पाणी गोठते तेव्हा काय होते?

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी उलट वागते, ते फुगते. बर्फ होताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. फ्रीझरमध्ये विसरलेली पाण्याची काचेची बाटली फुटते ती यामुळेच. इंजिनाच्या आत, सिलिंडरच्या भोवती कूलंट फिरण्यासाठी पोकळ वाटा असतात. त्या वाटा काठोकाठ भरलेल्या असताना आतले पाणी गोठले, की वाढलेल्या बर्फाला जायला जागा नसते. तयार होणारा दाब इतका असतो की ओतीव लोखंडाचा किंवा ॲल्युमिनियमचा ब्लॉक चिरतो, रेडिएटरच्या नळ्या फाटतात, वॉटर पंप निकामी होतो.

अनेक इंजिनांच्या ब्लॉकवर वाटीच्या आकाराच्या धातूच्या टोप्या ठोकून बसवलेल्या असतात. पाणी गोठले तर त्या बाहेर ढकलल्या जातील आणि ब्लॉक वाचेल, असा समज आहे. कधीकधी तसे घडतेही. पण मुळात ती ब्लॉक ओतताना वापरलेली वाळू काढण्यासाठी ठेवलेली भोके असतात. टोप्या निघतील आणि इंजिन वाचेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

गोठलेल्या गाडीचे आणखी एक लक्षण चक्रावून टाकणारे असते. बाहेर सगळीकडे बर्फ आणि टेंपरेचरचा काटा मात्र लाल रेषेकडे! इंधनातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण एक-तृतीयांश उष्णता कूलंटमार्फत बाहेर काढावी लागते. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते आणि कूलंट इंजिनातल्या इंजिनात फिरतो. इंजिन तापले की झडप उघडते आणि गरम कूलंट थंड व्हायला रेडिएटरकडे निघतो. पण समोरून बोचरा वारा खाणाऱ्या रेडिएटरमध्ये बर्फाचा लगदा झालेला असेल, तर वाटच बंद असते. उष्णतेला बाहेर पडायला मार्ग मिळत नाही आणि ऐन बर्फात इंजिन ओव्हरहिट होते. असे झाले की ‘थंडीत गाडी तापेल कशी? काटाच खराब झाला असेल’ असे म्हणून चालक गाडी पुढे दामटतो आणि हेड गॅस्केट जाते.

लेझमीच्या रांगा मोडणारा पाहुणा

कूलंटमधला मुख्य घटक बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ यांनी 1856 मध्ये तो प्रथम तयार केला. मोटारी आल्या तेव्हा थंड देशांत रेडिएटरच्या पाण्यात अल्कोहोल मिसळत, पण इंजिन तापले की ते उडून जाई. 1920 च्या दशकात अमेरिकेत इथिलीन ग्लायकॉलची ‘अँटिफ्रीझ’ बाजारात आली आणि हळूहळू तीच जगभर रूढ झाली.

तिची गंमत आकड्यांत आहे. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपास गोठते. दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले तर? उत्तर उणे सहा-सात यावे असे वाटते. प्रत्यक्षात हे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही.

असे का होते, हे लेझीम पथकाच्या उदाहरणाने समजते. बर्फ होताना पाण्याचे रेणू एका ठरावीक मांडणीत, सहा बाजूंच्या जाळीत उभे राहतात. पथकातली मुले जशी नेमून दिलेल्या अंतरावर रांगा धरतात, तसे. या रांगांमध्ये वेगळ्या उंचीची, वेगळ्या चालीची तेवढीच मुले घुसवली, तर दोन्ही गटांना आपापल्या रांगा जमवता येत नाहीत. ग्लायकॉलचा रेणू पाण्याच्या रेणूशी सलगी करतो आणि त्याला जाळी विणू देत नाही, पाणीही ग्लायकॉलला तेच करू देत नाही. रांगा लावायला मग कितीतरी जास्त थंडी लागते.

पॉटमधले आइस्क्रीम करताना बर्फात खडे मीठ घालतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मिठामुळे बर्फ शून्याखालच्या तापमानाला वितळतो आणि आतले दूध गोठवतो. मग रेडिएटरमध्ये मीठच का घालू नये? कारण खारे पाणी लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऊन टाकील. कूलंटमध्ये ग्लायकॉलबरोबर गंजरोधक रसायनेही असतात आणि साध्या पाण्यात नसणारा हा भाग चितेगावच्या गाडीलाही तितकाच गरजेचा आहे.

मराठवाड्याच्या बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. थर बसला की उष्णता बाहेर पडत नाही आणि मे महिन्यात एसी लावून घाट चढताना गाडी वाफ सोडते. निम्म्या ग्लायकॉलचे मिश्रण साधारण 107 अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे आत दाब टिकतो, त्यामुळे हा आकडा आणखी वर जातो. म्हणजे ‘आपल्याकडे बर्फ नाही, मग कूलंट कशाला?’ हा युक्तिवाद उन्हाळ्यातच गळून पडतो.

दोन लिटर पाण्याने काय बिघडते?

बहुतेक नव्या गाड्या कारखान्यातून निघतात तेव्हा त्यांत योग्य कूलंट असतो. घोटाळा नंतर होतो. समजा, गाडीत निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा 6 लिटर कूलंट आहे. त्यात 3 लिटर ग्लायकॉल असते. होज पाइप गळला, 2 लिटर कूलंट वाहून गेला आणि त्या जागी साधे पाणी भरले. आता ग्लायकॉल उरले 2 लिटर, म्हणजे एक-तृतीयांश. गोठण्याची मर्यादा उणे 37 वरून उणे 18 च्या आसपास आली. आणखी एकदा असेच झाले आणि ग्लायकॉल पाव हिश्श्यावर आले, तर ती उणे 12 च्या जवळ येते. चितेगावात हा बदल कळणारही नाही. द्रव हिरवाच दिसेल, पातळीही बरोबर दिसेल. लाहौलच्या रात्री मात्र तो उघडा पडेल.

दुसरा घोटाळा डब्याच्या लेबलवर असतो. बाजारात कूलंट दोन प्रकारचा मिळतो. एक तयार मिश्रण, ते जसेच्या तसे ओतायचे. दुसरा दाट, म्हणजे कॉन्सन्ट्रेट. त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचे. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घातले की ते निकामी पातळ होते. उलट ‘चांगली वस्तू आहे, सगळी शुद्धच ओतू’ म्हणून दाट कूलंट तसाच भरला, तरी नुकसानच. नुसते ग्लायकॉल उणे 13 लाच गोठते आणि पाण्याइतकी उष्णता वाहूनही नेत नाही.

रंगावरून कूलंटचा प्रकार ठरत नाही. हिरवा, लाल, निळा, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या पसंतीने देतात. दोन वेगळ्या प्रकारचे कूलंट एकत्र झाले तर त्यांतली गंजरोधके एकमेकांशी जुळतीलच असे नाही, कधी गाळही धरतो. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच वापरावा आणि बदलण्याची मुदतही तीच पाळावी. गंजरोधके काळानुसार संपतात, मग ग्लायकॉल पुरेसे असले तरी धातूचे संरक्षण होत नाही.

मिश्रण किती दाट आहे, हे मोजण्याचे साधन साधे आहे. द्राक्ष बागायतदार घडातल्या रसाची गोडी मोजायला हाताएवढा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. काचेवर रसाचा थेंब ठेवून उजेडाकडे पाहिले की आकडा दिसतो. कूलंटसाठीही याच तत्त्वाचे, पण वेगळ्या मोजपट्टीचे उपकरण मिळते आणि ते थेट गोठण्याचे तापमान दाखवते. बर्फाळ भागात जाण्याआधी ही तपासणी करून घ्यायला काही मिनिटे पुरतात. द्रवथंड मोटारसायकलवरून जाणाऱ्यांनीही ती करावी. बॅटरी थंड ठेवण्यासाठी अनेक इलेक्ट्रिक गाड्यांतही कूलंट असतो, त्याबाबत अधिकृत सर्व्हिस सेंटरचा सल्ला घ्यावा.

गोठलाच तर काय करावे?

सकाळी गाडीजवळ गेल्यावर काही खुणा दिसतात. बॉनेट उघडल्यावर प्लॅस्टिकच्या टाकीत द्रवाऐवजी बर्फ किंवा लगदा दिसतो. रबरी होज पाइप दाबला तर दगडासारखा कडक लागतो किंवा आत बर्फ करकरतो. अशा वेळी ‘स्टार्ट करून गरम करू’ हा मोह सर्वांत घातक. वॉटर पंप बर्फात अडकलेला असेल तर पट्टा घासून किंचाळतो, तुटतो, नाहीतर पंपच मोडतो. गाडी सुरू केलेलीच असेल आणि हीटरमधून थंड हवा येत असेल किंवा काटा चढू लागला असेल, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

यानंतर संयम हाच उपाय. गाडी ढकलून किंवा टोइंग करून बंदिस्त, उबदार गॅरेजमध्ये न्यावी. ते शक्य नसेल तर ऊन येईल अशा जागी उभी करून बॉनेटवर जाड पांघरूण टाकावे. बर्फ सावकाश वितळू द्यावा. यात कित्येक तास जाऊ शकतात.

तीन गोष्टी टाळाव्यात. इंजिनावर उकळते पाणी ओतू नये, कारण थंडगार धातूला अचानक उष्णता लागली की जो वाचला होता तो ब्लॉकही तडकतो. गाडीखाली जाळ करू नये, कारण तिथे तेल, इंधनाच्या नळ्या आणि वायरिंग असते. बंद गॅरेजमध्ये शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून ऊब करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो.

बर्फ पूर्ण वितळल्यावरही लगेच निघू नये. बर्फ असेपर्यंत चीर बुजलेली राहते, वितळल्यावर ती गळू लागते. म्हणून गाडीखाली थेंब पडतात का ते पाहावे, होज आणि रेडिएटर तपासावेत. इंजिन ऑइलची पट्टी बाहेर काढावी. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी ऑइलमध्ये शिरले आहे असे समजावे आणि गाडी अजिबात सुरू करू नये. सगळे ठीक असेल तर जुना पातळ द्रव काढून योग्य मिश्रण भरावे, मगच इंजिन सुरू करून काट्यावर लक्ष ठेवावे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालचा तप्त द्रव उसळून चेहरा आणि हात भाजण्याच्या घटना याच घाईत घडतात.

वारा सुटला की कूलंट जास्त गोठतो, असाही समज आहे. अंगाला वारा जास्त थंड लागतो हे खरे, पण वाऱ्यामुळे गाडी हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही, फक्त त्या तापमानाला लवकर पोहोचते. कॅनडातल्या विनिपेग, एडमंटनसारख्या शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना पार्किंगमध्ये विजेचे सॉकेट ओळखीचे असतात. तिथे योग्य कूलंट भरलेली गाडीही रात्री ‘ब्लॉक हीटर’ला जोडून ठेवतात, म्हणजे सकाळी इंजिन आणि ऑइल अति थंड राहत नाही.

गोड चव, घातक परिणाम

इथवर प्रश्न इंजिनाचा होता. पुढचा प्रश्न घरातल्या माणसांचा आहे. उरलेला कूलंट पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून डिकीत, कपाटाखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला जातो. हिरवे किंवा लालसर द्रव सरबतासारखे दिसते. इथिलीन ग्लायकॉलची चव गोडसर असते. लहान मूल ते तोंडाला लावते, तेव्हा थुंकून टाकावेसे वाटेल असे त्यात काही नसते. काही उत्पादक म्हणूनच त्यात अत्यंत कडू पदार्थ मिसळतात, पण तो प्रत्येक डब्यात असेलच असे नाही.

प्रौढ माणसाला साधारण 100 मिलिलिटर शुद्ध इथिलीन ग्लायकॉल प्राणघातक ठरू शकते. लहान मुलाला त्याहून फार कमी, एक-दोन मोठे घोटही धोकादायक आहेत. मूळ पदार्थापेक्षा शरीरात त्याचे जे होते ते अधिक वाईट. दारू पचवणारे यकृतातले विकर ग्लायकॉलवरही काम करते आणि त्यातून ग्लायकोलिक आम्ल आणि पुढे ऑक्झॅलिक आम्ल तयार होते. पहिल्यामुळे रक्त आम्लधर्मी होते. दुसरे रक्तातल्या कॅल्शियमशी संयोग पावते आणि त्याचे टोकदार स्फटिक मूत्रपिंडात साचतात.

पहिल्या काही तासांत माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. तोल जातो, बोलणे अडखळते, उलट्या होतात, गुंगी येते. तोंडाला दारूचा वास मात्र नसतो. त्यानंतर थोडे बरे वाटल्याचा भास होऊ शकतो आणि घरचे निश्चिंत होतात. पुढच्या टप्प्यात श्वास जोरजोरात चालू लागतो, हृदयावर ताण येतो. एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके वाचण्याचे प्रमाण वाढते. त्या विकराला अडवणारे फोमेपिझोल हे औषध आहे. ते नसेल तेथे डॉक्टर मोजून-मापून इथेनॉल देतात, कारण विकर त्यात गुंतले की ग्लायकॉलचे विषात रूपांतर थांबते. गरजेनुसार डायलिसिस करून विष रक्तातून काढले जाते.

हे वाचून कोणी घरीच दारू पाजण्याचा प्रयोग करू नये. प्रमाण चुकले तर, विशेषतः मुलांमध्ये, रक्तातली साखर घसरून नवे संकट ओढवते. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचाही प्रयत्न करू नये. कूलंट पोटात गेल्याची शंका आली की लक्षणांची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. चितेगाव-बिडकीन भागातल्या रुग्णासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, म्हणजे घाटी, हा मोठा आधार आहे. जाताना कूलंटचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा आणि ‘गाडीचे कूलंट प्यायले आहे’ असे स्पष्ट सांगावे. नाहीतर गुंगीचे कारण शोधण्यातच मोलाचे तास जातात.

ग्लायकॉलच्या कुळाचा कडू अनुभव महाराष्ट्राने आधीही घेतला आहे. 1986 च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉलची भेसळ निघाली आणि 14 रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधात हेच रसायन सापडले. वीसहून अधिक मुले मृत्युमुखी पडली आणि त्यांच्यापैकी अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल आणि ही भेसळ हे दोन वेगळे पदार्थ असले, तरी ते एकाच कुटुंबातले आहेत आणि दोघांचाही घाला मूत्रपिंडांवर पडतो. ती प्रकरणे औषध-तपासणीतल्या हलगर्जीची होती. घरातली कूलंटची बाटली मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

जनावरांनाही धोका

गॅरेजसमोर सांडलेल्या कूलंटचे डबके कुत्री आणि मांजरे चाटतात. मांजराला तर अगदी थोडे ग्लायकॉलही मारक ठरते. गावाकडे शेळ्या-गायीही मोकळ्या फिरतात. म्हणून कूलंट सांडला तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो टिपून घ्यावा, भुसा भरून बाजूला ठेवावा आणि जागा भरपूर पाण्याने धुवावी. जुना कूलंट गटारात, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. तो झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर ‘विष – कूलंट’ असे ठळक लिहून, वापरलेले तेल आणि द्रव गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावा. नवा कूलंट नेहमी मूळ डब्यातच, घट्ट झाकणाने, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर किंवा कुलपात ठेवावा. प्रोपिलीन ग्लायकॉलवर आधारित कमी विषारी कूलंटही मिळतात. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर त्यांचा विचार करता येतो, पण तेही पिण्याचे द्रव नव्हेत.

निघण्यापूर्वी

थंडीच्या सहलीचे बेत आता घरोघरी सुरू झाले असतील. स्वेटर-टोप्यांच्या यादीत आणखी काही कामे घालावीत. गाडी पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी पाहावी. गेल्या वर्षभरात कोणी साधे पाणी घातले आहे का, ते घरच्यांना आणि मेकॅनिकला विचारावे. तसे असेल किंवा खात्री नसेल, तर गोठण्याचे तापमान मोजून घ्यावे आणि गरज पडल्यास कूलंट पूर्ण बदलावा. वाटेत कमी पडला तर भरायला त्याच प्रकारच्या तयार कूलंटचा सीलबंद डबा सोबत ठेवावा, मात्र तो पिण्याच्या बाटल्यांपासून आणि मुलांच्या खाऊपासून दूर, डिकीत ठेवावा.

वाटेत अगदीच नाइलाज झाला आणि गाडी वाचवायला साधे पाणी घालावे लागले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण ते तात्पुरते आहे याची नोंद ठेवावी. बर्फाच्या भागात मुक्कामाला पोहोचण्याआधी, वाटेतल्या शेवटच्या मोठ्या शहरात, ते काढून योग्य कूलंट भरून घ्यावा. आणि चितेगावच्या गॅरेजवर पुढच्या वेळी कोणी पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरकडे वळला, तर त्याला एवढेच विचारावे, ‘‘आत कोणता कूलंट आहे?’’